उसनं ताश्कंद

पुढचं विमान रात्रीचं होतं, म्हणजे अख्खा दिवस ताश्कंदमध्ये काढायचा होता. विमानतळावरच्या डॉक्टर निगोराबाईंनी गार्गीच्या कानामागे सुई टोचली आणि विचारलं, "बाजार कुठे?" कानातलं दुभाषी यंत्र प्रश्न मराठीत पोचवायच्या आतच गार्गीने डोळे मिटून बरोबर दिशेला हात केला. ही बाई पुण्यात स्वतःच्या सोसायटीत विंग चुकायची.

याला 'उसनी ओळख' म्हणत. आठवण म्हणजे मेंदूच्या पेशींमधले जोड. एखाद्या स्थानिकाच्या डोक्यातले जोड टिपून घ्यायचे, पाहुण्याच्या डोक्यात तसेच विणायचे आणि तो निघाला की उसवायचे. तेवढा दिवस तो त्या गल्ल्यांत वाढल्यासारखा फिरतो.

"आम्ही फक्त रस्ते देतो. माणसं गाळून टाकतो," निगोराबाई म्हणाल्या.

गार्गीचा नवरा हेरंब सुईला घाबरायचा. "एकाने तरी शुद्धीवर राहायला हवं," असं सांगून त्याने टोचून घेतलं नाही.

गार्गी अशी सुटली की हेरंबला मागे धावावं लागलं. एका बोळात, तंदूरसमोर, ती थबकली. कोपरापर्यंत पीठ माखलेला एक माणूस भट्टीतून नान काढत होता. भिंतीवर खिळ्याला एक जुनी नान टांगलेली होती, एका घासाची जागा रिकामी.

"घरचं माणूस लांब निघालं की एक घास खाऊन जातं," गार्गी हळूच म्हणाली. "उरलेली टांगून ठेवतात. परत आलं की ते संपवतं."

"तुला कसं माहीत?"

तिने खिळ्यावरची नान काढली आणि चावली. कडकन आवाज झाला. सकाळची पोळी संध्याकाळी न खाणारी गार्गी ती चावत, डोळे भरून, त्या माणसाकडे पाहत राहिली. लग्नानंतर हेरंबकडे तिने असं एकदाच पाहिलं होतं, सणाच्या दिवशी गॅसचा सिलिंडर वेळेवर आला तेव्हा. आणि तेव्हाही ती सिलिंडरकडेच पाहत होती.

"झुल्फियाची ओळख घेतलीत ना?" तो माणूस थकल्या आवाजात म्हणाला. "मी रुस्तम, तिचा नवरा. ती कोरियाला गेली. तिच्या डोक्यातलं शहर घेऊन पाहुणे येतात आणि रडतात. तिची खरी नान एका जर्मन आजोबांनीच संपवली. मी नवीन टांगत असतो."

"मग टांगता कशाला?" हेरंब चिडून म्हणाला.

"ती स्वतः आली तर?"

एवढं ऐकून गार्गीला हुंदका फुटला. हेरंबने तिला अक्षरशः ओढत विमानतळावर आणलं.

"परत रुस्तम?" निगोराबाईंनी कपाळाला हात लावला. "झुल्फिया प्रत्येक रस्ता त्याच्या दुकानापासून मोजायची. आमच्या गाळणीला तो माणूस वाटतच नाही, चौक वाटतो."

"काढून टाका त्याला."

"चेहरा निघेल. प्रेम मात्र यांच्या स्वतःच्या जोडांत गुंतलंय, ते राहणार. शुद्धीवर आल्यावर जो चेहरा पहिला दिसेल, त्याच्यावर ते बसेल."

"त्या आजोबांचं काय झालं?"

"समोर मी होते. रोज फोन करतात."

हेरंबने विचारलं, "आणि समोर कुणीच नसलं तर?"

"मग जन्मभर कुणाची तरी आठवण येत राहील. कुणाची, ते कळणार नाही."

हेरंब खुर्ची ओढून भूल दिलेल्या गार्गीसमोर बसला. मग उठून केस विंचरून आला आणि परत बसला.

गार्गीने डोळे उघडले. भट्टीसमोर पाहिलं होतं, अगदी तसंच तिने हेरंबकडे पाहिलं. त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"किती वाट पाहिली रे तुझी," ती म्हणाली.

"मी इथेच होतो की," हेरंब म्हणाला.

विमानात ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. रुस्तम नावाचं कुणी होतं, हे तिच्या गावीही नव्हतं. हेरंब टक्क जागा होता. रुस्तमला विसरायची सोय दोघांपैकी एकालाच मिळाली होती.