वैशाखऱ्याला लागलेली बोट

मुरबाडच्या नाक्यावर आमची धसईची एसटी अडकली, कारण रस्त्यात बोट आडवी आली होती.

खोटं वाटेल, पण तसंच झालं. श्रावण नुकताच लागलेला, उन्हातच बारीक पाऊस पडत होता, आणि पुढच्या ट्रकवर एक अख्खी होडी – पांढरी, पोट सुटलेली, आमच्या पडवीपेक्षा लांब – टेलिफोनच्या तारांखाली येऊन थबकली होती. होडीत एक मुलगा उभा. हातातल्या बांबूने त्याने तार वर उचलून धरली होती आणि तो ड्रायव्हरला "घे, घे, हळू घे" म्हणत होता. ड्रायव्हर काही घेत नव्हता.

मी तेव्हा मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. दिवसभर "मॅडम, हँग झाला" ऐकून डोकं पिकलेलं. खिडकीतून मान बाहेर काढून मी म्हटलं, "ओ होडीवाले, जरा मागं घ्या की. लोकांना घरी जायचंय."

त्याने खाली पाहिलं. केसांतून पाणी गळत होतं आणि हा खुशाल हसत होता.

"मागं नाय जात ही, मॅडम. हिला पुढंच जायचं ठावं हाय."

"मग समुद्रात न्यायची. मुरबाडात काय काम हिचं?"

"वैशाखऱ्याला चाललीय. माळशेजची हवा खायाला."

अख्खी एसटी हसली. माझ्याकडेही उत्तर तयार होतं... पण तेवढ्यात माझी नजर होडीच्या नाकाडावर गेली. वरच्या काळ्या रंगाचे पावसाने भिजून पोपडे सुटले होते, आणि त्याच्याखालून दुसरीच जुनी अक्षरं डोकावत होती. मी ती वाचली. मग छत्री सीटवरच सोडून मी खाली उतरले.

"ही... लेडी एव्हलिनची आहे?"

त्याचा बांबू ढिला पडला, तार होडीवर टेकली आणि मागून हॉर्न वाजायला लागले. त्याला त्याचं काही नव्हतं. "तुमी वळखता तिला?"

"ओळखते म्हणजे? माझ्या आईची सवत आहे ती."

आमच्या घरात हे नाव मी शेजारणींच्या नावांआधी ऐकलं असेल. माझे बाबा, कुंडलिक, लग्नाआधीपासून लेडी एव्हलिनवर वाढप्याचं काम करायचे. हॅरिंग्टन लाइनची ती प्रवासी बोट, मुंबईहून मोंबासाला जाणारी. पांढरीशुभ्र, पिवळ्या धुराड्याची, आत नाचायला लाकडी फरशी आणि रोज संध्याकाळी बँड. बाबा सांगायला बसले की आमच्या ओटीवर मोंबासा यायचं. आई मात्र भाकरी थापता थापता म्हणायची, "जा ना मग, तिच्याकडंच जा." पुढे लोक विमानाने जायला लागले, लाइन बंद पडली, बोट परदेशी कुणी विकत घेतली. शेवटी ती गुजरातच्या किनाऱ्यावर तोडायला आली, आणि तिच्यावरची ही होडी आणि आतलं सामान घेऊन आला होता हा – वैशाखऱ्याचा हरेश. घरची भात-नाचणीची शेती, रस्त्याला लागून एक तुकडा, आणि त्या तुकड्यावर याला बोटीसारखं हॉटेल काढायचं होतं.

धसईला उतरल्यावर मी धावतच घरी गेले. वाटलं होतं, बाबा तसेच चपला घालून निघतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पिचकारी टाकायला उठले.

"मेलेल्या माणसाची कापडं बघाया कशाला जायाचं?" एवढंच म्हणाले.

मग मीच जायला लागले. क्लासला रविवारी सुट्टी, आणि हरेशला हजार गोष्टी विचारायच्या असत. हे पितळी कडं कशाचं? हा लांब आरसा कुठं होता? मी ते प्रश्न घरी न्यायचे. बाबांना हॉटेलचं नावही चालत नसे, पण बोटीबद्दल विचारलं की राहवत नसे. आणि पुढच्या रविवारी मी उत्तरं घेऊन वैशाखऱ्याच्या गाडीत. माळशेजच्या डोंगरांवर ढग टेकलेले, रस्त्याकडेला तेरड्याची गुलाबी फुलं, आणि थांब्यावर तो उभा. मी कुठल्या गाडीने येणार ते मी त्याला कधी सांगितलं नव्हतं. सगळ्याच गाड्या बघत बसायचा म्हणे.

एका रविवारी मी हॉटेलच्या जेवणाच्या खोलीत गेले, खुर्ची ओढायला गेले – तर खुर्ची हलेना.

"शिमिटात बसवलीय," हरेश अभिमानाने म्हणाला. "बोटीवर पायाला स्क्रू व्हते ना. जशी व्हती तशी ठेवली."

"अहो, बोट डुलते म्हणून स्क्रू असतात. इथं काय जमीन डुलते?"

"तुमी आल्यावर डुलते थोडी."

मी पटकन आरशाकडे बघितलं. आरशातही तोच दिसत होता. कान लालबुंद, आणि हातातला स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरलेला.

"मग... फोडा ते सिमेंट," मी म्हटलं.

"एवढी घाई हाय जवळ बसायची?"

"गिऱ्हाइकांबद्दल बोलतेय मी."

"मी पण गिऱ्हाइकांबद्दलच बोलतो," तो म्हणाला आणि छिन्नी आणायला गेला. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की आपण प्रेमात पडलोय आणि आता काही उपाय नाही. मला इतका आनंद झाला होता की मी रिकाम्या खोलीत एक गिरकी घेतली.

दसऱ्याला हॉटेल उघडलं. माळशेजला जाणाऱ्या गाड्या थांबायला लागल्या. पण आमच्या घरी वारं फिरलं. भातसानगरहून माझ्यासाठी स्थळ आलं. मुलगा सूरज, धरणावर कायमची नोकरी, राहायला क्वार्टर. बाबा खूश होते. मी मात्र सरळ सांगून टाकलं की मला हरेश आवडतो.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"धरण कुठं जात नाय, अक्षदा," ते म्हणाले. "बोट जाते. मी सुट्टीवरनं परत गेलो तवा तुझ्या आईनं पांढरा ड्रेस कडक इस्त्री करून दिलावता. गोदीच्या गेटवर गेलो, तर वाचमन बोलला, कसली बोट? ती इकली. एवढी वर्षं कंपनीच्या सायबांची ताटं उचलली, पण एकानंही तोंडावर येऊन सांगितलं नाय. सगळ्यांना ठावं व्हतं, आमाला सोडून. आता तिच्याच मोडक्या सामानावर संसार मांडणाऱ्याला पोरगी देऊ? तोही तसाच एक दिवस कुलूप लावील, आणि तुला वाचमन सांगंल."

 शेवटी एवढंच ठरलं की सूरजला एकदा बघायचं. बघितल्यावर मात्र बाबा म्हणतील ते.

आणि नशीब बघा. सूरजच्या आईने निरोप धाडला, आम्हाला माळशेजही बघायचाय, तर वाटेतल्या त्या नवीन बोटीच्या हॉटेलातच भेटू. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं? मी हरेशला सांगितलं तेव्हा तो कांदे निवडत होता. बराच वेळ निवडत राहिला.

"येऊ दे," तो म्हणाला. "गिऱ्हाईक हाय." आणि मग माझ्याकडे न बघता, "तू... कुठली साडी नेसशील?"

पहिल्यांदाच त्याने मला 'तू' म्हटलं, तेही असल्या प्रश्नासाठी. मला रडू आणि हसू एकदमच आलं.

त्या दिवशी बाबा दारातच थांबले. समोर तो लांब आरसा, गोल खिडक्या, खिडक्यांतून उन्हात पिवळी पडलेली भाताची खाचरं. बाबांनी पितळी कठड्यावर हात ठेवला आणि ठेवूनच राहिले. डोळे भरले होते, पण पाहुण्यांसमोर ते कसं दाखवणार. आईने हळूच त्यांच्या कोपराला धरून आत आणलं.

सूरज दिसायला बरा होता, बोलायलाही. त्याची आई प्रत्येक गोष्टीचं कौतुक करत होती. बाबा "हो, हो" म्हणत होते, आणि मला वाटत होतं, झालं, संपलं सगळं. मग हरेशची बहीण भिमी ताटं घेऊन आली. तांदळाची भाकरी, कांदा, लिंबू, आणि ताटाला बिलगून ठेवलेल्या भांड्यात कोंबडीचा रस्सा.

मी त्या भांड्याकडे बघितलं... आणि पुन्हा नीट बघितलं.

पांढरं इनॅमलचं भांडं, निळी कड, हॅरिंग्टन लाइनचा छोटा झेंडा. वालाच्या दाण्यासारखं, एका बाजूने आत वळलेलं. बाबांनी या भांड्यांबद्दल किती वेळा सांगितलं होतं. पावसाळ्यात बोट हेलकावे खायला लागली की ही भांडी घेऊन खोल्याखोल्यांतून पळायचं. आतली वळलेली बाजू माणसाच्या हनुवटीखाली नीट बसावी म्हणून. ज्याला बोट लागते, त्याला ओकायला.

सूरजच्या आईने ते दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावलं. "काय झणझणीत केलाय," ती म्हणाली.

मी बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते, आणि त्यांच्या मिश्या थरथरत होत्या. मी पदर तोंडात कोंबला आणि थेट स्वयंपाकघरात पळाले.

हरेशला सांगितलं तेव्हा त्याच्या हातातला डाव कढईत पडला. "मला वाटलं... ताटाला टेकून बसते, म्हणून तशी वळवलीय. कालच पेटी फोडली. नवीकोरी व्हती, गवतात बांधलेली. धुतली पण दोनदा."

"कोरीच असतील. आणि कुणाला कळलेलं नाही. बाबा काही बोलायचे नाहीत. गपचूप वाट्या बदलून टाक."

त्याने दारातून डोकावलं. बाहेर मुंबईच्या गाड्यांचीही दोन-तीन टेबलं भरली होती, आणि सगळ्यांपुढे तीच भांडी.

"खाल्लं त्यांनी आन् मला ठावं हाय, तर सांगाया नको?" तो म्हणाला.

"हॉटेलचं नाव जाईल, हरेश."

"जाईल," तो म्हणाला. कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि बाहेर गेला.

त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून सगळ्यांना सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. "भांडी कोरी हायेत, पर कशाची हायेत ते मला ठावं नव्हतं. चूक माझी. आज कुनाकडनं काय घेणार नाय. ज्याला परत जेवायचं त्याला साध्या वाटीत वाढतो."

 मग एका टेबलावर कुणीतरी फिसकन हसलं, दुसऱ्या टेबलावरचे सरळ उठून गाडीत जाऊन बसले. सूरजच्या आईने पदर तोंडाला लावला आणि माळशेज न बघताच घरी जायचं म्हणाली. सूरज जाता जाता माझ्या शेजारी थांबला. "रस्सा मात्र फर्स्टक्लास होता," तो हळूच म्हणाला. बरा मुलगा होता तो, खरंच.

त्यांची जीप दिसेनाशी झाली. बाबा अजून खुर्चीतच होते. त्यांनी ते भांडं उचललं, हनुवटीखाली धरून बघितलं, आणि हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई घाबरून त्यांची पाठ चोळायला लागली. एवढं हसताना मी त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर त्यांनी हरेशला जवळ बोलावलं. तो मान खाली घालून आला.

"गप ऱ्हायला असतास तर कुनाला कळलं असतं?"

"नाय."

"मग?"

"त्यांना पाठीमागून कळलं असतं तर... ते बरं नाय, काका. तोंडावर सांगितलेलं बरं."

बाबांनी भांडं टेबलावर ठेवलं.   आईचा हात मी कधी धरला, मलाच कळलं नाही.

"तोंडावर सांगायची सवय हाय ना तुला?" बाबा म्हणाले. "मग आनखी काय सांगायचं ऱ्हायलंय का?"

हरेशने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, बाबांकडे बघितलं. जेवायला थांबलेल्या टेबलांवर सगळ्यांच्या भाकऱ्या हातातच राहिल्या.

"हाय," तो म्हणाला. "मला... म्हंजे मला अक्षदा..."

"मला कशाला सांगतोस? तिला सांग."

तो माझ्याकडे वळला. कपाळावर घाम, फडक्यावर हळदीचे डाग, आणि कान पुन्हा लालबुंद.

"अक्षदा, मला तू लय आवडतेस. नाक्यावर बसमधनं भांडलीस तवापासनं. हॉटेल चालंल का बुडंल, ते मला आज नाय सांगता येत. पर जे व्हईल ते पयलं तुला येऊन सांगीन. लगीन करशील माझ्याशी?"

मी "हो" म्हटलं. पण ते इतकं हळू आलं की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही, आणि त्याचा चेहरा उतरायला लागला. मग मी घसा साफ केला आणि पुन्हा म्हटलं, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.