सनावळीसर आणि चौथीच्या बाई

संग्रहालयातला तरुण अभ्यासक किल्ल्याच्या नकाशापुढे उभा राहून घडाघडा सनावळ्या सांगत होता, आणि चौथीचा वर्ग जांभया देत होता.

"मी एक गोष्ट वाचू का?" चौथीच्या बाईंनी विचारलं. वय तिशीचं, आवाज मऊ, पण नजर सरळ.

त्याच किल्ल्याच्या वेढ्यात अडकलेल्या एका मुलीची ती गोष्ट होती. जांभया कुठल्या कुठे पळाल्या. वाचून होताच एका मुलीने त्या अभ्यासकालाच विचारलं, "सर, पाणी आटलं तेव्हा घोडे काय प्यायले?"

त्याने पुन्हा वेढ्याचं सालच सांगितलं. मुलांनी त्याचं नावच ठेवलं – सनावळीसर.

निघताना तो बाईंजवळ आला. "पुस्तकात चूक आहे. वेढा पावसाळ्यात उठला. तुमच्या गोष्टीत ऊन आहे."

"मग वर्गात येऊन सांगा."

"बोलावताय... की आव्हान देताय?"

"आलात की कळेल."

तो आला. मग दर आठवड्याला येऊ लागला. फळ्यावर दोन रकाने पडले – 'घडलेलं' आणि 'रचलेलं'. मुलं एकेक वाक्य धरून भांडत, आणि खडू तिच्या हातात देताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळत. तिच्या ते ध्यानात यायचं. ती हात मागे घेत नसे.

पण मुख्याध्यापकांनी तिला बोलावलं. "गोष्टी भाषेच्या तासाला. इतिहासाला पाठ्यपुस्तक. उद्या मी स्वतः वर्ग तपासतो. पोरांना काही येत नसेल तर हे बंद."

"मी येतो, त्यांना समजावतो," ते ऐकून तो म्हणाला.

"नको. वर्ग माझा आहे."

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी विचारलं, "वेढा कोणत्या साली पडला?"

  मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने साल बिनचूक सांगितलं आणि खाली न बसता विचारलं, "पण सर, हे लिहून कुणी ठेवलं? आतल्यांनी की बाहेरच्यांनी? कारण आतल्यांचं आम्हाला कुठेच सापडलं नाही. म्हणून तर पुस्तकात ती गोष्ट रचावी लागली."

 मुख्याध्यापक तिच्या शेजारी त्या चिमुकल्या बाकावर कसेबसे मावून बसले. "बाई," ते म्हणाले, "पुढचं पुस्तक कोणतं? मीही ऐकतो."

शाळा सुटली तेव्हा तो फाटकापाशी ताटकळत होता.

"माझी पोरं..." ती एवढंच म्हणू शकली. चेहरा उजळला होता, मान ताठ होती.

त्याला सगळं कळलं. "मला तुमचा फार अभिमान वाटतोय. पण हे म्हणायचा मला काय हक्क – सकाळपासून हेच घोकतोय. तो हक्क... द्याल का? जन्मभरासाठी?"

ती लाजली नाही, तिने इकडेतिकडे बघितलंही नाही.

"दिला," ती म्हणाली, आणि मुलांना न्यायला आलेल्या आईबापांच्या गर्दीत तिने सरळ त्याचा हात धरला.