बिनदोरीचं काहीतरी

नव्या आईसाठी, बाळासाठी नक्की काय काय घ्यावं, असं तू विचारलंस तेव्हा आधी मला हसूच आलं. माझ्या लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही, पदरात मूल नाही, आणि सल्ला म्हणे माझा हवा. पण ही खरेदी मी एकदा केली आहे. दिवा जरा इकडे सरकव. सांगते.

जाऊबाई दवाखान्यात होत्या. मुलगी झाली होती आणि संध्याकाळी दोघींना घरी सोडणार होते. घरात सगळ्यांत नवी मी, सगळ्यांत कमी बोलणारीही मीच. गप्प माणसाला लोक समजूतदार मानतात आणि कामं त्याच्या गळ्यात घालतात. सासूबाई म्हणाल्या, "झबली आण, लंगोट आण, दुपटी आण. पाळणा आपला आहेच."

मी आधी दवाखान्यात डोकावले. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

"ताई, काय काय आणू?"

त्या कुशीवर वळल्या. मग माझं मनगट घट्ट धरून त्या पुटपुटल्या, "काहीही आण... फक्त दोरी नसलेलं आण."

त्यांचं पहिलं बाळ आमच्या घरच्या पाळण्यात गेलं होतं. मी घरात येण्याआधीची गोष्ट. झोपेत गेलं, असं डॉक्टर म्हणाले. ताईंचं म्हणणं एवढंच होतं की पाळणा हलत होता आणि त्या हलवत नव्हत्या. बाळंतिणीचं बोलणं म्हणून सगळ्यांनी ते सोडून दिलं.

दुकानात गेल्यावर कळलं, जन्माला येणं हे फारच सामानाचं काम आहे. दुकानातल्या बाईंनी बाटली गरम करायचं यंत्र काढलं, गाणारी गादी काढली, मग एक पिवळं बदक.

"हे काय करतं?"

"पाणी फार गरम असलं की लाल होतं."

"आमच्या सासूबाईंचं कोपर तेच काम करतं. नको."

पुढून बटणं असलेली झबली घेतली, बंदांची नाही. रबरी चादर, मऊ लंगोट, ताईंना पाजताना टेकायला उशी. आणि आईच्या पलंगाला चिकटून उभा राहणारा, तीन बाजूंनी कठडा असलेला छोटा पलंग. टोपीचे बंद तिथेच कापायला लावले.

"अहो, चांगली टोपी बिघडवताय!"

"डोकं तेवढंच झाकेल," मी म्हटलं.

घरी आले तर वरच्या खोलीत पाळणा टांगलेला. त्या खोलीमागे पूर्वी स्वयंपाकघर होतं. मधल्या भिंतीला मनगटाएवढं भोक होतं आणि त्यातून पाळण्याची दोरी पलीकडे जायची, म्हणजे काम करता करता तिकडून झोका देता यायचा. पुढे रस्ता रुंद झाला, स्वयंपाकघर पाडलं, भोक सिमेंटनं बुजवलं. आता भिंतीपलीकडे नुसती हवा आहे. तरी पाळण्याला दोरी लांबच बांधतात. सवय.

टळटळीत दुपार होती. मी जमिनीवर बसून नव्या पलंगाचे खिळे-पट्ट्या जुळवत होते. खालून गाड्यांचे आवाज येत होते. ते हळूहळू लांब गेल्यासारखे वाटले. ओल्या लाकडाच्या धुराचा वास आला. आमच्याकडे तर गॅस आहे... आणि वर कडी करकरली.

जमिनीवर पडलेली दोरी उचलली जात होती. ढिली होती ती ताठ झाली, तिचं टोक बुजवलेल्या भोकाला जाऊन टेकलं, आणि रिकामा पाळणा हलला. गेला, आला. गेला, आला.

सासूबाई दारात उभ्या होत्या.

"आई... कोण आहे हे?"

"हळू बोल. माझ्या सासूबाई. पलीकडे बसायच्या. कामात असल्या तरी हात थांबायचा नाही. त्या गेल्या, पण हात गेला नाही..." त्या खाली बसल्या. "माझी मधली मुलगी... मग धाकट्याच्या वेळी मी दोरी धरूनच बसले. झोपले नाही."

धाकटा म्हणजे माझा नवरा.

"हे ताईंना सांगितलंत?"

"काय सांगू? वेडी म्हणाले असते. या खेपेला मी बसेन दोरी धरून."

"आणि तुमचा डोळा लागला तर?"

मी कात्री घेतली आणि पाळण्याजवळ दोरी कापली. कापलेला तुकडा फरफटत भिंतीशी गेला आणि आत गेला. सिमेंटला चीरसुद्धा नव्हती.

"अगं, काय केलंस! पाळणा नसला की तो हात दुसरं काही शोधतो."

"शोधू दे. सापडेल असं काही ठेवायचं नाही."

मग आम्ही दोघी पदर खोचून लागलो. पडद्यांच्या दोऱ्या गेल्या, वाळत घालायची तार गेली, घरातल्या सगळ्या पायजम्यांना इलॅस्टिक लागलं. पुरुषांनी कारण विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "फॅशन आहे." पाळणा आम्ही कुऱ्हाडीनं फोडला. पहिला घाव त्यांनी घातला.

संध्याकाळी ताई आल्या. खोलीभर नजर फिरवली, बाळाला छोट्या पलंगात ठेवलं, तिच्या पोटावर हात टाकला आणि झोपल्या. मी त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये बसले, भिंतीला पाठ लावून.

एक गोष्ट मी विसरले होते. माझी कमरेपर्यंतची वेणी.

ती अलगद उचलली गेली. हलकी ओढ. सैल. पुन्हा ओढ. माझी मान त्या तालावर मागेपुढे होऊ लागली. बाळ शांत झोपलं होतं, म्हणून मी ओरडले नाही.

"आजी," मी हळूच म्हटलं, "पुरे झालं. इथे झुलवायला आता कुणी मिळणार नाही. हात टेका..."

तोच जोराचा हिसका बसला आणि माझं डोकं भिंतीवर आदळलं. मी कात्री मानेमागे नेली आणि वेणी मुळापासून कापली.

नव्या नवरीला शोभत नाही, असं पुष्कळांनी ऐकवलं. "माझ्या सुनेला शोभतं," असं सासूबाईंनी त्यांना ऐकवलं. मुलगी आता छान उपडी होते. गाल तर इतके वर आलेत की बघत राहावं. तेव्हा बदकबिदक राहू दे. बाळ आईच्या हाताशी ठेव आणि धारेची कात्री घे.

आमची त्या खोलीत फळीवर असते. रोज लागते. माझी वेणी परत मिळाली नाही, पण बुजवलेल्या भोकातून रोज सकाळी तिचं टोक बोटभर बाहेर आलेलं असतं, आणि मी रोज ते कापते. मी तीन पेडांची वेणी घालत असे. हिला चार पेड आहेत, आणि चौथा पांढरा आहे.