उदाहरणादाखल

दसऱ्याच्या आदल्या दिवशी टेंभी नाक्यावर बायजा फूलवालीपाशी प्रमोदिनी गुप्ते झेंडूसाठी घासाघीस करत उभी होती. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, "हरिहर गुप्त्यांचं घर कुठं आलं हो?"

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, पांढरा स्वच्छ शर्ट, कपाळावर घाम आणि चेहऱ्यावर जरा बावरलेलं हसू... हिच्या काळजात धस्स झालं. हा तोच असणार, प्रभाकर चौबळ, फोर्टातल्या कुठल्याशा साहेबी कंपनीतला. त्याचं स्थळ नुकतंच सांगून आलं होतं. रीतसर बघायला यायच्या आधी मुलगी गुपचूप बघून जाणारे असतातच की. तिच्या मैत्रिणीला, हेमाला, अशाच एकानं भाजी घेताना पाहिलं आणि घरी जाऊन नकार कळवला. थांब बेट्या, असं मनाशी म्हणत प्रमोदिनीनं स्टेशनाकडे बोट दाखवलं आणि त्याला रूळ ओलांडून पार पलीकडे, कोपरीत जायला सांगितलं.

बिचारा स्टेशनावरूनच आला होता. पण मुकाट्यानं मागं वळला. बायजा म्हणाली, अगं, तुझं घर तर इथं पाठीमागं. प्रमोदिनीनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खरं तर तिला हसू यायला हवं होतं. पण तो दिसेनासा होईपर्यंत ती बघतच राहिली, आणि मनात आलं... वाईट नाही हं. हाच असेल तर आपलं काही म्हणणं नाही.

घरी येऊन तिनं तोरण ओवून दाराला लावलं, तरी त्याचा पत्ता नव्हता. आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला. अण्णांनी त्याला आत घेतलं आणि लेकीला सांगितलं, हे गुरुदत्त कर्णिक, डोंबिवलीहून येणार, तुला इंग्रजी शिकवायला. चौबळांची तशी अटच होती. मुलाला साहेबाकडे जेवायला जावं लागतं, तर मुलीला मड्डमेशी चार रोजची वाक्यं बोलता आली पाहिजेत. ती बोलायला लागली की मगच ते बघायला येणार.

गुरुदत्तनं तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "कोपरी छान आहे. सगळी बघून झाली."

प्रमोदिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि त्याहून मोठा घोळ वेगळाच होता. जो पसंत पडला तो नवरा मुलगा नव्हताच, आणि जो नवरा मुलगा होता त्याच्यासाठी हा तिला तयार करणार होता!

शिकवणी ओटीवर चालायची. आई शेजारी सूप घेऊन तांदूळ निवडत बसे; तांदूळ संपले तरी तिचं लक्ष काही संपत नसे. गुरुदत्त शिकवायचा ती इंग्रजीतली जोडक्रियापदं, जी पुस्तकात कमी आणि तोंडात फार. 'लुक' एकच, पण 'आफ्टर' लावला की सांभाळणं, 'फॉर' लावला की शोधणं, आणि 'डाउन ऑन' लावला की कमी लेखणं. अण्णा कलेक्टर कचेरीत हेडक्लार्क. त्यांचं इंग्रजी अर्जातलं, भरजरी. 'पुट अप विथ', म्हणजे सोसणं, हे ऐकून ते वैतागलेच. 'टॉलरेट' असा चांगला घसघशीत शब्द असताना ही तीन चिल्लर कशाला, असं त्यांचं मत पडलं. प्रमोदिनीही कुरकुरली, की साहेबाला काही एक धड ठरवता येत नाही का.

"आपल्याला येतं?" गुरुदत्त म्हणाला. "खाऊन घे, खाऊन टाक, खाऊन बघ, खात बस. सांगा बरं साहेबाला फरक."

ती खुदकन हसली. आईनं सुपातून मान वर केली. दोघं एकदम गंभीर झाली.

त्याची वाक्यं मात्र भारी गोड असायची. 'द मिल्क बॉइल्ड ओव्हर', म्हणजे दूध उतू गेलं. 'वी रॅन आउट ऑफ केरोसीन', म्हणजे घासलेट संपलं. सगळं घरातलंच. आणि मग एकदा, छत्रीची मूठ कुरवाळत, 'आय लुक फॉरवर्ड टु फ्रायडे'. शुक्रवारची मी आतुरतेनं वाट बघतो. शिकवणी मंगळवारी आणि शुक्रवारी असे. प्रमोदिनीच्या कानापर्यंत ऊन ऊन झालं.

"हे उदाहरण, की... खरंच?"

"उदाहरणादाखल," तो म्हणाला, आणि उगीचच कान चोळू लागला.

आता यातून काय समजायचं? ती रात्र रात्र विचार करी. उदाहरण म्हणावं, तर कान लाल का? खरं म्हणावं, तर तो सरळ का बोलत नाही? तेवढ्यात तिच्या डोक्यात दुसराच प्रकाश पडला. आपण शिकलो, की चौबळ आले. चौबळ आले, की हा गेला. मग शिकायचं कशाला? पुढच्या शिकवणीपासून बाईसाहेब मठ्ठ झाल्या. 'लुक आफ्टर' म्हणजे शोधणे, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे नव्हे, वर देणे! गुरुदत्त न कंटाळता नवं वाक्य बांधी, आणि हिला तेच तर हवं असे.

असं करता करता तुळशीचं लग्न लागून गेलं. चौबळांचे निरोपावर निरोप यायला लागले. एका शुक्रवारी अण्णांनी स्वतः परीक्षा घेतली. प्रमोदिनीनं सगळं चुकवलं आणि दूध तापवायला म्हणून आत सटकली. बाहेर गुरुदत्तचा आवाज आला, पडलेला, थकलेला.

"दोष त्यांचा नाही, माझा आहे. मला शिकवता येत नाही. कोपरीत एक निवृत्त हेडमास्तर आहेत, त्यांना सांगतो. मी मंगळवारपासून येत नाही."

चुलीपाशी प्रमोदिनी थिजून उभी राहिली. गप्प राहावं, तर हा जातो. बोलावं, तर चौबळ येतो. कुणीकडून सुटायचं? तिला रडूच फुटलं. आपल्या लबाडीपायी हा बिचारा स्वतःला नालायक समजतोय, हे तर तिला मुळीच सोसवेना. तेवढ्यात पातेल्यातलं दूध फसफसून वर आलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि ती ओटीवर येऊन उभी राहिली.

"द मिल्क बॉइल्ड ओव्हर, अण्णा. डोन्ट ब्लेम सर. आय पिक्ड इट ऑल अप लाँग अगो."

अण्णांचा चष्मा नाकावर घसरला. "मास्तर, ही काय म्हणतेय? मराठीत सांगा."

"म्हणतायत... दूध उतू गेलं. सरांना दोष देऊ नका. मी सगळं केव्हाच शिकले."

"आय मेड अप द मिस्टेक्स. आय वॉन्टेड टु पुट ऑफ द चौबळ्स."

"चुका... मुद्दाम रचल्या. चौबळांचं येणं लांबणीवर टाकायचं होतं." गुरुदत्तचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता.

"अँड आय वोन्ट गिव्ह हिम अप."

आईचा सुपातला हात थांबला.

"पुढं?" अण्णा म्हणाले.

गुरुदत्तनं छत्री जवळ ओढली. "पुढचं... ते नुसतं उदाहरण असावं."

"उदाहरण नाही," प्रमोदिनी मराठीत म्हणाली. "खरंच तसं आहे."

गुरुदत्त उठून उभा राहिला. छत्री हातातून पडली ती त्यानं उचललीही नाही. "शुक्रवारची वाट बघतो म्हणालो होतो," तो अण्णांना म्हणाला, पण बघत होता तिच्याकडे. "तेही उदाहरण नव्हतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. डोंबिवलीच्या शाळेत मी अजून कायम नाही, म्हणून... धीर झाला नाही."

अण्णांनी कमरेची चंची काढली आणि चिमूटभर तंबाखू तळहातावर घेतली.

"ते गिव्ह अप मला कळतं हो मास्तर. डॉक्टरनं या तंबाखूबद्दल तेच सांगितलंय. मला जमलं नाही, हिला काय जमणार." तंबाखू गालात गेली. "चौबळांना मी कळवतो, माझ्या इंग्रजीत. तुम्ही रविवारी वडिलांना घेऊन या. आणि मागणी मराठीत घाला, मला कळेल अशी."

आई सूप घेऊन आत निघाली, डोळे पुसायला की सांडलेलं दूध पुसायला कोण जाणे. प्रमोदिनी छत्री द्यायचं निमित्त करून फाटकापर्यंत गेली.

"वडील ठाण्याला पहिल्यांदाच येतील," छत्री घेत तो म्हणाला. "घराची वाट... कशी सांगू त्यांना?"

"नाक्यावर यायचं. बायजाच्या टोपलीपाशी मी उभी असेन."

"आणि कोपरी?"

"ती नंतर," प्रमोदिनी म्हणाली. "दोघं मिळून बघू."

तो स्टेशनाकडे चालू लागला. या खेपेला मात्र तो दर चार पावलांवर मागं वळून बघत होता.