सारंगची पत्रं कुणी अडवली?

"माझ्या मुलाची पत्रं कुणीतरी अडवतंय," कुसुमताई म्हणाल्या, आणि समोरच्या पाण्याला हातही न लावता बसून राहिल्या.

दिलसुखनगरात एका कोचिंग क्लासच्या वर त्रिवेणी जहागीरदारचं तपास कार्यालय होतं. खालून पोरांचा गलका येत होता. बँकेतून निवृत्त झालेले तिचे मदतनीस मुकुंदराव खुर्ची पुढे ओढून बसले.

"टपालातली पत्रं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, ईमेल. सारंग जहाजावर इंजिनिअर आहे. फोन क्वचित लागतो, पण रविवारी पत्र यायचंच. आता महिना होत आला."

"तुम्ही लिहिलंत?" त्रिवेणीनं विचारलं.

"मी आधी लिहीत नाही. तो लिहितो, मी उत्तर देते. आमचं तसंच चालत आलंय."

"शेवटच्या पत्रात काय होतं?"

कुसुमताई खिडकीकडे पाहू लागल्या. "माझी धाकटी बहीण गेली. उषा, पुण्याची. आमचं बोलणं नव्हतं, म्हणून कळवलं ते सारंगनंच. 'एकदा तरी भेटायला हवं होतंस, आई,' असंही लिहिलं. वाचलं, डोक्यावरून आंघोळ केली, रीतीप्रमाणे करायचं ते सगळं केलं."

"ते पत्र बघायला मिळेल?"

"तसलं पत्र कसं ठेवणार?" त्या उठल्या. "उद्या दीर घराचे कागद घेऊन येतायत. पोरानंच पाठ फिरवली असेल तर जामबागचं घर कुणासाठी धरून ठेवू? सही करून टाकीन. पण आधी मला सांगा, तो थांबला की त्याला कुणी थांबवलं?"

दीर हिम्मतरावांचं गौलीगुड्यात भांड्यांचं दुकान होतं.

"हौ, घर पाहिजे मला. लपवायचं काय त्यात?" ते म्हणाले. "पण कंप्यूटर? अहो, मला फोनमधला गजर लावता येत नाही. वहिनी लई कडक बाई. गेल्या साली माझ्या सासऱ्यांच्या तेराव्याचं कार्ड घेऊन गेलो, तर उंबऱ्यातच वाचलं, फाडलं, रस्त्यावर टाकलं. मला आत या म्हणायलापण भुलल्या!"

कुसुमताईंच्या वरच्या मजल्यावर प्रणिता भाड्यानं राहायची. पुण्याची, सॉफ्टवेअर कंपनीतली.

"पासवर्ड मीच लावून दिलाय," ती म्हणाली. "लॅपटॉपही मीच शिकवला. लॉटरी लागल्याचे फसवे मेल यायचे. म्हटलं, काकू, नको ते जंकमध्ये टाका. घराबाहेरची कचराकुंडी समजा." मग आवाज खाली गेला. "आधी रोज संध्याकाळी हाक मारायच्या. आता मी आल्याचं जिन्यालासुद्धा कळत नाही. माझ्यावर संशय आहे ना त्यांचा?"

रस्त्यावर येताच मुकुंदराव म्हणाले, "त्रिवेणीबाई, सुटलं! पासवर्ड तिच्याकडे, चोर तीच."

"आणि यात तिचा फायदा काय?"

"तेवढंच शोधायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे जामबागच्या घरी जमले. हिम्मतरावांनी कागद पसरले होते, पेनाचं टोपण काढलं होतं. प्रणिता दारातच उभी होती.

"पत्रं अडवणारी व्यक्ती याच खोलीत आहे," त्रिवेणी म्हणाली. "पण ते तिचं तिलाच माहीत नाही. हिम्मतरावांना घर हवंय, पण मेल अडवायचा कसा, हे त्यांना ठाऊक नाही. प्रणिताला ठाऊक आहे, पण तिला मिळालं काय? होती ती संध्याकाळची हाकही गेली. मग उरतं ते शेवटचं पत्र. कुसुमताई, मरणाची बातमी आणणारं पत्र आपण घरात ठेवत नाही, फाडून बाहेर टाकतो. हिम्मतरावांचं कार्ड तुम्ही उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाहीत. पण पडद्यावरचं पत्र फाडणार कसं?"

कुसुमताईंनी पदर घट्ट धरला. "बाहेरच्या कुंडीत टाकलं. हिनं दाखवली होती, तिथं."

"तुम्ही बातमी टाकलीत. यंत्र समजलं, पाठवणाराच नकोसा झालाय. त्याला सुतक काय कळतंय! तेव्हापासून सारंगचं प्रत्येक पत्र ते परस्पर तिकडेच नेतंय."

"मग तुम्ही तिथं एकदाही पाहिलं नाहीत, ताई?" मुकुंदराव म्हणाले.

"कचऱ्यात कोण हात घालतं?"

प्रणितानं लॅपटॉप उघडला. लॉटरीच्या गर्दीत सारंग सापडला. 'आई, पोचलं का पत्र?' त्याच्या वर, 'मावशीबद्दल लिहिलं ते लागलं का तुला?' आणि सगळ्यात वर, दोनच ओळी: 'रागावली असशील तर आता त्रास देत नाही. वाटेल तेव्हा लिही.'

त्यानंतर काही नव्हतं.

"आणखी थोडे दिवस गेले असते, तर आपोआप पुसली गेली असती," प्रणिता पुटपुटली. तिनं 'जंक नाही' दाबून पत्रं परत आणली, सारंगचा पत्ता ओळखीच्यांत जोडला. "आता नाही जाणार तिकडे, काकू."

"बस गं इथं, माझ्याजवळ," कुसुमताई म्हणाल्या.

हिम्मतरावांनी टोपण लावलं. "राहू द्या वहिनी. कागद कुठं पळून चाललेत?"

कुसुमताईंनी लॅपटॉप पुढे ओढला. मग एकेक अक्षर शोधत लिहू लागल्या. 'सारंग, तुझी पत्रं आज वाचली. राग नव्हता रे. उषाकडे मी गेले नाही, कारण ती दार उघडणार नाही असं वाटायचं. तिलाही माझ्याबद्दल तसंच वाटत असेल, हे आज कळलं.'

पत्र गेलं.

"उत्तर केव्हा येईल?" मुकुंदरावांनी उंबऱ्याबाहेर येताच हळूच विचारलं.

"समुद्र मोठा आहे, मुकुंदराव," त्रिवेणी म्हणाली.

आत कुसुमताईंनी सही न करताच कागद दिरांच्या हातात परत दिले. लॅपटॉप मात्र मिटला नाही.