एरुसचा अर्थ

तेव्हा रंगावली नदीला बारमाही पाणी असे. काठाकाठानं एक तरुण आपल्याशीच पुटपुटत चालला होता – "एरुस... एरुस..."

रूपीनं हंडा खाली ठेवला. "काय रे, म्हैस हरपनी का तुन्ही?"

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हैस नही... शब्द."

"ओ माय! ढोरं हरपतस. शब्द बी हरपतस का?"

त्या दिवसांत असल्या कामालाही पगार मिळे, बरं! हा रायसिंग, ख्रिस्ती शेतकऱ्याचा शिकलेला मुलगा. नवापूरच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या पाद्रीसाहेबांना तो वाचून दाखवी. साहेबांना वेड उंब्रियन भाषेचं – इटलीतली, कधीच मेलेली, काशाच्या पाट्यांवर तेवढी उरलेली. 'एरुस' त्यातलाच. पूजेनंतर माणसांना द्यायचं काहीतरी, एवढं कळलेलं. पण नेमकं काय, आणि शब्द आला कुठून, यावर विद्वान हातघाईवर आलेले.

मग रूपीचा हंडा लवकर भरेनासा झाला.

"सापडना का तुन्हा एरुस?"

"सापडता तं आठे कसाले येतू?"

त्याचं ते लाजरं हसू तिला फार आवडे. पण तिचा बाप दोधू खमका. नव्या भाताच्या पूजेला, नवाईला, जो देवापुढचा वाटा खाईल त्यालाच पोर देईन म्हणे. आणि साहेबांचा नियम नेमका उलटा – तो वाटा खाल्ला, की बंगला बंद!

नवाईच्या दिवशी रूपीनं भलतंच धाडस केलं. देवाला दाखवण्याआधीच मूठभर भात पळसाच्या पानात काढला आणि कुडामागे रायसिंगच्या हाती दिला.

"खाई ले. देवले दखाडेल नही... तुले पाप नही. बापले सांगसू, त्यानी वाटा खादा."

"आनि तुले?"

 देवाआधी घास काढला तर घराला वर्षभर अन्न पुरत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

त्यानं पान तिच्या हातात परत ठेवलं. "लपीसन खादा तं तो वाटा कसाना, रूपी? मी मझार येस. सगळास्मा बशीसन खासू."

"पन तुन्हा साहेब..."

"तू माले जास्ती आवडस."

तो आत जाऊन बसला. पूजा झाली. दोधू पंगतीत वाढत आला, रायसिंगपुढे थबकला, आणि मग त्यानं देवापुढच्या भाताची मूठ त्याच्या पानावर सोडली. रायसिंगचे डोळे भरले. साहेबांनी त्याला पोटच्या पोरासारखं शिकवलं होतं. तरी "एरुस..." पुटपुटत त्यानं घास घेतला.

"पोटभर खाय, जवाई," दोधू म्हणाला.

रूपीनं चुलीकडे तोंड फिरवलं आणि ती सगळ्यांदेखत रडली.