चौकटीतली खाच

लीयाला आधी दिसली ती त्याची पाठ, आणि मग दिसलं की या बाबानं आपल्या घराचा देवच लिंपून टाकलाय!

"अरे ए! काय केलंस हे?"

तो दचकून वळला. एका हातात पत्रा, पत्र्यावर भोकं बुजवायची ओली लांबी. कातकरवाडीचा सुभाष, गवंडी. लीयाच्या तळघराचा बार करायला साईराजशेठनं त्याला पाठवलं होतं, आणि हा आल्या आल्या वरच्या दाराच्या चौकटीतली खाच बुजवून मोकळा!

"कुंभारीण माशीनं घर केलंय वाटलं, बाई... भोक दिसलं की ऱ्हावत नाय मला."

"त्यात मेझुझा आहे, मेझुझा! त्या नळीत आमच्या देवाची वचनं लिहिलेली असतात." केसांतली पिन काढून लीया लांबी उकरू लागली. "घर सोडून जातानाच ती काढायची. तोवर कुणी हात लावायचा नाही."

"मंग माझ्या लांबीनं ती पक्कीच बसली असती," तो म्हणाला. "तुमी कुठं जायालाच नको."

आणि स्वतःच कानापर्यंत लाजला. लीयाला इतका राग आलेला, तरी हसू फुटलंच.

राहायचं तर होतंच तिला. पेणहून रोह्याला निघालं की नागोठण्याच्या अलीकडे हायवेला लागून तिचं घर. आजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आळीतली ज्यू घरं एकेक करून इस्राएलला गेली. गेल्या साली बाबा, एलियाह, वारले आणि ती एकटी उरली. डेबोरामावशी तिकडून दर आठवड्याला फोन करायची, "ये गो आता, काय राहिलंय तिथं?" शिवणकामावर घर निभत नव्हतं. साईराजशेठ म्हणाला, तळघर भाड्यानं दे, बार टाकतो. लीया म्हणाली, बार तर बार. घर तरी राहील.

शुक्रवारी तिनं सुभाषला काळपट लाल पेयाचा पेला नेऊन दिला. त्यानं वास घेतला आणि पेला खाली ठेवला.

"दारूला शिवत नाय मी. माझ्या बापानं तिच्यापायी सगळं घालवलं."

"अरे, मनुकांचं सरबत आहे! आमच्या शब्बाथचं, शनिवारच्या विश्रांतीचं."

त्यानं एका घोटात पेला रिकामा केला. "मंग आनखी द्या की!"

दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या कामाला हात न लावता ओट्यावर बसलेला.

"शनवारी तुमच्यात काम नाय ना?"

"मग आलास कशाला?"

"बसायला."

कमालच म्हणायची! तीही मग समोर बसली. त्याच्या पापणीला चुना लागला होता. तिनं पदराच्या टोकानं अलगद पुसला... आणि दोघं एकदम रस्त्याकडे बघू लागली.

त्याचा बाप मोतीराम तळघरात वाळूची घमेली वाहायचा. दोन वर्षं थेंब घेतला नव्हता म्हाताऱ्यानं.

"बापासमोर बार बांधतोस. जीव जळत नाही तुझा?" तिनं एकदा विचारलं.

"जळतो." तो पायरीची कड घासत राहिला. "पन बार झाला तर तू ऱ्हाशील..."

तू! लीया दिवसभर तो एक शब्द मनात घोळवत फिरली.

परवाना आला. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी टेंपो भरून दारूची खोकी आली. ती उतरवायला मोतीरामच होता, आणि रात्री आत राखणीलाही तोच.

सकाळी शटर उघडलं तर म्हातारा पायऱ्यांच्या तळाशी पडलेला. डोकं फुटलेलं, शेजारी रिकामी बाटली. जीव केव्हाच गेला होता.

"पायऱ्या माझ्याच हातच्या," सुभाष एवढंच बोलला.

लीया वाडीवर गेली. त्याची आई इंदुबाई तिला म्हणाली, "तुझा काय दोष गो पोरी, त्याला मोह आवरला नाय." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं लीयाला वाटलं.

बाराव्यानंतर सुभाष हत्यारं न्यायला आला. बाटल्या परत गेल्या होत्या, तळघराला कुलूप होतं. दारात लीया उभी, मुठीत ती नळी.

"काढलीस?"

"काढली. साईराजशेठला नाही म्हणून सांगितलं. मावशीनं तिकीट पाठवलंय, सोमवारचं."

"बार चालू असता तर ऱ्हायली असतीस."

"तुझ्या बापाच्या जिवावर? त्या पायऱ्या माणसं रोज उतरताना बघत?" तिनं नळी मुठीत घट्ट धरली. "तू मला आवडतोस रे. खूप आवडतोस. म्हणूनच नाही जमणार."

"ठाव हाय," तो म्हणाला. "मला बी..."

ओट्यावर लांबीचा डबा उरला होता.

"खाच भरून टाक," ती म्हणाली. "तुला ऱ्हावत नाही ना."

त्यानं पत्र्यावर लांबी घेतली. हात चौकटीपर्यंत नेला. तिथंच थांबला. मग पत्रा पँटीला पुसून त्यानं पिशवीत टाकला.

"ऱ्हाऊ दे उघडीच. येशील तवा पिनेनं उकरत नको बसायला."

तिनं केसांतली पिन काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.